वजन तेच, शरीर वेगळं: शीहान सिंड्रोम आणि ग्रोथ हॉर्मोनचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या रुग्णाला सुमनताई म्हणू. नाव बदललेलं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी त्या राहतात, घरी बसून ब्लाउज शिवतात, यजमान सूतगिरणीत कामाला. मी फिजिशियन आहे. हॉर्मोनच्या गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी शहरातल्या एका एंडोक्रिनॉलॉजिस्ट सहकाऱ्याचा सल्ला घेतो, तसा इथेही घेतला.

पार्श्वभूमी

सुमनताई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या, म्हणजे आणल्या गेल्या, तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. दहा दिवस उलट्या, अर्धवट ग्लानी, रक्तदाब ८० च्या आसपास, रक्तातलं सोडियम धोकादायक कमी, ११४. सोबतच्या पिशवीत बारा वर्षांचे कागद होते. त्यात रक्तवाढीच्या गोळ्या, कॅल्शियम, ताकदीची इंजेक्शनं आणि असंख्य सलाईन होती. सलाईन लावलं की चार दिवस बरं वाटायचं. त्याला कारण होतं, पण ते कुणी शोधलं नव्हतं.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या बाळंतपणापासून. माहेरी, रात्री, घरीच. वार अडकली, रक्तस्राव थांबेना. जीपमधून दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची शुद्ध गेली होती. रक्ताच्या पिशव्या चढल्या, जीव वाचला, मुलगीही ठणठणीत. पण अंगावर दूध आलं नाही. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, मेथीचे लाडू झाले, थेंब नाही. पाळी परत आलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस बाई लवकर." काखेतले केस गळले. वैशाखातही पायात मोजे लागायचे. अंगात त्राण नसायचं, आणि याला घरात सगळे "बाळंतपण मानवलं नाही" म्हणायचे.

बाळंतपणातल्या प्रचंड रक्तस्रावानंतर पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथीचा काही भाग मरतो, हे हॅरॉल्ड शीहान या, तेव्हा ग्लासगोत काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने १९३७ साली मांडलं. गरोदरपणात ही ग्रंथी फुगलेली असते, तिचा रक्तपुरवठा मात्र त्या प्रमाणात वाढलेला नसतो. रक्तदाब कोसळला की ती उपाशी मरते. श्रीमंत देशांत हा आजार दुर्मीळ झाला. आपल्याकडे नाही. काश्मीर खोऱ्यातल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मूल झालेल्या वीस वर्षांवरच्या बायकांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे ३ टक्के निघालं, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश जणींची बाळंतपणं घरी झाली होती.

निदान हुकलं कुठे

कागदांत थायरॉइडची तपासणी दोनदा होती. दोन्ही वेळा फक्त टीएसएच, दोन्ही वेळा नॉर्मल. थायरॉइडला हुकूम देणारं टीएसएच पिट्युटरी सोडते. पिट्युटरीच मेली असेल तर तिच्या टीएसएचवरून थायरॉइड तोलणं म्हणजे आजारी पहारेकऱ्यालाच चोरी झाली का विचारणं. तिसऱ्या ठिकाणी फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन, तपासलं गेलं. ते ०.४ निघालं, नॉर्मलच्या निम्मंही नाही. तिथल्या डॉक्टरांनी थायरॉक्सिन, म्हणजे त्याच हॉर्मोनची गोळी, १०० मायक्रोग्रॅम सुरू केली. निदान अर्धं बरोबर होतं, पण क्रम चुकला. थायरॉक्सिनमुळे शरीर कॉर्टिसॉल (रक्तदाब टिकवणारं, पिट्युटरीच्या हुकमावर बनणारं स्टिरॉइड हॉर्मोन) अधिक वेगाने खर्च करतं. ज्याच्याकडे कॉर्टिसॉलच नाही तो कोसळतो. सुमनताई दहा दिवसांत कोसळल्या.

आम्ही रक्ताचा नमुना काढून ठेवला आणि अहवालाची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. सकाळचं कॉर्टिसॉल नंतर १.६, म्हणजे नगण्य, आलं. सोडियम घाईने वर जाऊ नये म्हणून दर सहा तासांनी मोजत राहिलो, कारण कॉर्टिसॉल मिळताच अडलेलं पाणी भराभर लघवीवाटे जातं आणि सोडियम आपोआप उसळतं. तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या आणि चहा मागितला. एमआरआयमध्ये पिट्युटरीची खोबण जवळपास रिकामी दिसली.

पुढचे चौदा महिने बाकीची घडी बसवण्यात गेले: हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन ७५, मग पाळीच्या हॉर्मोनसाठी साधी गर्भनिरोधक गोळी. तापात स्टिरॉइडचा डोस दुप्पट करायचा, उलट्या झाल्या तर इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा, हे लिहिलेलं कार्ड पर्समध्ये.

उरलेली तक्रार

जीव वाचला होता, रक्तातले आकडे जागेवर आले होते, तरी सुमनताई म्हणायच्या, "डॉक्टर, औषधं सगळी घेते, पण दळणाचा डबा उचलवत नाही." हात-पाय बारीक, पोट पुढे. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. पाहणाऱ्याला फार जाड वाटणार नाहीत. पण कंबर ९२ सेंटिमीटर. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. शहरात डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी आणि हाडं मोजणारी तपासणी करून घेतली: ६१ किलोंपैकी २६.५ किलो चरबी, ३२.६ किलो बिनचरबीचं वजन (स्नायू, अवयव, पाणी), बाकी हाडांतली खनिजं. हाडांची घनताही वयाच्या मानाने कमी.

इथे ग्रोथ हॉर्मोनचा विचार पुढे आला. नाव 'वाढीचं' असलं तरी उंची थांबल्यावर त्याचं काम संपत नाही. सुमनताईंना मी कणगीचं उदाहरण दिलं होतं. जेवण झालं की इन्सुलिन दाणे कणगीत भरतं. रात्री, पोट रिकामं असताना, गाढ झोपेत ग्रोथ हॉर्मोनच्या लाटा येतात. ते कणगीचं तोंड उघडून चरबी बाहेर काढतं, विशेषतः पोटातली, आणि शरीराला सांगतं की ही जाळा, स्नायूंना हात लावू नका. यकृतात ते आयजीएफ-१ नावाचं आणखी एक हॉर्मोन तयार करवतं. त्याच्या मदतीने प्रथिनं बांधली जातात. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टरही ते वाढवतं. हे हॉर्मोन नसलं की कणगी भरत राहते आणि घरातली माणसं वाळतात. सुमनताईंचा डेक्सा अहवाल नेमकं हेच दाखवत होता.

या हॉर्मोनची दुसरी बाजू साखरेची. चरबीतून निघालेली फॅटी आम्लं स्नायू जाळू लागले की ते साखर कमी घेतात, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन इन्सुलिनच्या विरोधात उभं राहतं. अर्जेंटिनाच्या बर्नार्दो उसाय यांनी मधुमेही कुत्र्यांची पिट्युटरी काढली तेव्हा त्यांचा मधुमेह सौम्य झाला; साखरेच्या चयापचयातल्या पिट्युटरीच्या भूमिकेसाठी त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. शीहानची एखादी मधुमेही बाई इन्सुलिनच्या अगदी थोड्या डोसावरही साखर उतरून घामाघूम होते, त्यात याचाही वाटा असतो, आणि कॉर्टिसॉल नसण्याचाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय: काही करू नका. प्रौढांत ग्रोथ हॉर्मोन नसल्याने कुणी दहा दिवसांत कोसळत नाही. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, चालणं, आहारात डाळ-अंडी. स्वस्त, सुरक्षित आणि समर्थनीय. हा पर्याय कुणी निवडला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

दुसरा: आधी स्टिरॉइडचा डोस तपासा. हा मुद्दा मी घाईत सोडून देणार होतो. मधल्या काळात गावात हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या मिळेनात म्हणून त्यांनी ओळखीच्या दुकानातून प्रेडनिसोलोन हे दुसरं, जास्त तीव्र स्टिरॉइड घेतलं होतं, दिवसाला ७.५ मिलिग्रॅम. गरजेपेक्षा हे बरंच जास्त. जास्तीचं स्टिरॉइडही पोटावर चरबी चढवतं, दंड-मांड्या बारीक करतं. म्हणजे जे चित्र आम्ही ग्रोथ हॉर्मोनच्या खात्यावर मांडत होतो, त्यातलं किती आमच्याच गोळीने काढलेलं? सहकाऱ्याने आग्रह धरला: आधी हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ मिलिग्रॅमवर आणा, चार महिने थांबा. थांबलो. चेहऱ्याची सूज उतरली, कंबर मात्र दोनच सेंटिमीटरने कमी झाली. वर दिलेले वजन, कंबर, एलडीएल आणि डेक्साचे आकडे या चार महिन्यांनंतरचे आहेत.

तिसरा: ग्रोथ हॉर्मोनची चाचपणी. प्रौढांत त्याचा उपयोग होतो हे पुरतं दिसलं १९८९ साली. लंडनमधल्या अभ्यासात कमतरता असलेल्या २४ प्रौढांवर सहा महिने तुलना झाली. हॉर्मोन मिळालेल्यांचं बिनचरबीचं वजन सरासरी ५.५ किलोने वाढलं, चरबी ५.७ किलोने घटली. दोन्ही आकडे शेजारी ठेवा: एकूण वजन जवळपास तिथेच. हे वाक्य मी त्या वेळी सुमनताईंना सांगितलं नाही. ते का महागात पडलं, ते पुढे येईल.

निदान पक्कं करायला इन्सुलिन टोचून साखर मुद्दाम उतरवण्याची चाचणी करायची का, हा प्रश्न होता. केली नाही. पिट्युटरीची तीन किंवा अधिक इतर हॉर्मोन गेलेली असतील आणि आयजीएफ-१ वयाच्या मानाने कमी असेल, तर वेगळ्या चाचणीची गरज नसते. सुमनताईंचं आयजीएफ-१ होतं ३८.

खरा अडसर पैशांचा. ०.३ मिलिग्रॅमच्या रोजच्या डोसाला महिन्याचा खर्च यजमानांच्या पगाराच्या जवळपास एक तृतीयांश येत होता. म्हणून आम्ही तिघांनी, त्या, यजमान आणि मी, एक वर्षाची मुदत ठरवली आणि काय बदललं तर पुढे चालू ठेवायचं ते आधीच कागदावर लिहिलं: कंबर, एलडीएल, पकडीची ताकद, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, आणि दळणाचा डबा. शेवटची ओळ त्यांनी स्वतः घालायला लावली.

काय केलं, आणि मधले खड्डे

रोज रात्री झोपताना पोटाच्या कातडीखाली ०.२ मिलिग्रॅमपासून सुरुवात. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं होतं. घरचा फ्रिज बिघडलेला, म्हणून इंजेक्शनचं पेन शेजारच्या काकूंकडे. पहिले दोन महिने रोज रात्री नऊला काकूंच्या दारात.

दुसऱ्या महिन्यात डोस ०.३ केला. तिसऱ्या महिन्यात त्या आल्याच नाहीत. फोनवर कळलं, तीन आठवडे इंजेक्शन बंद. गिरणीत दळण टाकायला गेल्या की तिथल्या काट्यावर त्या उभ्या राहायच्या. ६१. पुढच्या आठवड्यात ६१.५. "एवढे पैसे घालून वजन वाढतंय, डॉक्टर." चूक माझी होती. हे हॉर्मोन सुरुवातीला मीठ आणि पाणी धरून ठेवतं. चरबी उतरायला महिने लागतात आणि तिच्या जागी स्नायू येतो. काट्याला दोन्ही सारखेच. मी त्यांना घरची शिलाईची टेप वापरायला सांगितलं: दर रविवारी, बेंबीच्या उंचीवर, श्वास सोडून. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला मापं घ्यायला शिकवावं लागत नाही. त्यांनीच मला सांगितलं की टेप जुनी झाली की ताणते, म्हणून नवी घेतली.

पुन्हा सुरू केल्यावर मळमळ आणि सकाळचा थकवा. सोडियम पुन्हा कमी, १३१. हा खड्डा मला पुस्तकातून माहीत होता, तरी दिसायला आठवडा गेला. शरीरात निष्क्रिय कॉर्टिसोनचं कॉर्टिसॉल करणारं एक एन्झाइम आहे. ग्रोथ हॉर्मोन त्याला आवरतं. त्यामुळे काल पुरणारा स्टिरॉइडचा डोस आज कमी पडतो. हायड्रोकॉर्टिसोन २० केलं, दोन दिवसांत बरं वाटलं. फ्री टी-४ ही घसरलं होतं, कारण टी-४ चं टी-३ हे सक्रिय रूप होण्याचा वेग वाढतो. थायरॉक्सिन १०० वर नेलं.

मग आयजीएफ-१ चा प्रश्न. सलग दीड महिना ०.३ घेऊनही ते ७१ वरच. मी ०.४ लिहायच्या बेतात होतो, म्हणजे खर्च आणखी एक तृतीयांशाने वर. सहकाऱ्याला फोन केला. त्याने एकच विचारलं, "इस्ट्रोजेन कुठलं चाललंय?" तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात जातं आणि तिथे ग्रोथ हॉर्मोनचा हुकूम मोडतं, आयजीएफ-१ तयार होत नाही. गर्भनिरोधक गोळी (तिच्यात इस्ट्रोजेन होतंच) बंद करून कातडीला लावायचं इस्ट्रोजेन जेल दिलं, गर्भाशय असल्यामुळे महिन्यातले काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलही. सहा आठवड्यांत, त्याच ०.३ वर, आयजीएफ-१ २०१. सोबत घोट्यांवर सूज आणि पहाटे बोटांना मुंग्या. मनगटाच्या बोगद्यात पाणी साचून नस दाबली जाते, त्याच्या या मुंग्या. डोस ०.२ वर आणला. मुंग्या गेल्या, आयजीएफ-१ १४२ वर स्थिरावलं. जेलचा खर्च धरूनही महिन्याचं बिल उतरलं.

याच सुमारास भाचा सोबत आला. कुस्ती सोडून जिमला लागलेला. "मामी घेते ते मलाही चालेल ना?" ज्याची पिट्युटरी धड आहे त्याला बाहेरून हे दिलं तर मोजणीत बिनचरबीचं वजन वाढलेलं दिसतं, पण त्यात पाणी बरंच असतं आणि ताकद त्या मानाने वाढत नाही. सांधे दुखतात, साखर चढते. वर्षानुवर्षं जास्तीचं हॉर्मोन काय करतं हे ॲक्रोमेगालीच्या रुग्णांत दिसतं: जाड झालेलं हृदय, मधुमेह, वाढलेला जबडा. हे सगळं त्याला सांगितलं. त्याला पटलं की नाही कोण जाणे. पेन काकूंकडेच राहू द्या, असं मात्र मी सुमनताईंना हळूच म्हणालो.

निष्पत्ती

बाराव्या महिन्यात वजन ६०.२ किलो, म्हणजे पाऊण किलोचाच फरक. डेक्सात चरबी २३.६, बिनचरबीचं वजन ३४.७. कंबर ८७. एलडीएल स्टॅटिनशिवाय १३९. पकड १४ किलोंवरून १८, खुर्चीवरून उठणं ९ वरून १३. उपाशीपोटीची साखर ८८ होती, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात १०१ झाली, वर्षाअखेर ९४. पोटाची चरबी उतरली की इन्सुलिनला झालेला विरोध काही अंशी भरून निघतो, पण सुरुवातीला साखर चढते हे धरूनच चालावं लागतं. त्यांच्या घरात मधुमेह असता तर मी इतका निवांत राहिलो नसतो. हाडांत काही फरक नाही. पहिल्या वर्षात तो दिसतही नाही, उलट घनता थोडी उतरलेली दिसू शकते.

वाढलेल्या दोन किलोंत स्नायू किती आणि पाणी किती, हे डेक्सा सांगत नाही. म्हणून माझा भरवसा पकडीवर आणि डब्यावर जास्त. डबा त्या गिरणीपर्यंत स्वतः नेत होत्या.

तरीही वर्ष संपलं आणि त्यांनी इंजेक्शन बंद केलं. थोरल्याचा बारावीनंतरचा प्रवेश होता. मी समजावलं नाही. मुदतीच्या कागदावर आम्ही खर्चाची ओळ लिहिलीच नव्हती, आणि ती ओळ लिहिण्याचा हक्क त्यांचा होता. बंद करण्यात धोका नाही एवढं सांगितलं, आणि हायड्रोकॉर्टिसोन पुन्हा १५ वर आणलं. सात महिन्यांत कंबर ९१, एलडीएल १५८.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्याआधीच्या बारा वर्षांबद्दल बोलणं सोपं आहे. बाळंतपणात खूप रक्त गेलं, दूध आलं नाही, पाळी आली नाही, ही तीन वाक्यं सुमनताई प्रत्येकाला सांगत होत्या. एकत्र कुणी ऐकली नाहीत. मी आता थकव्याच्या प्रत्येक बाईला बाळंतपण विचारतो, आणि टीएसएच एकट्याने मागवत नाही.

माझ्या हातातल्या गोष्टी वेगळ्या. जेल आधी आणि हॉर्मोन नंतर, हा क्रम असता तर चार महिन्यांचा पैसा वाचला असता. काट्याबद्दल पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. इंजेक्शन बंद झाल्यावर डेक्सा पुन्हा करून घेतला नाही. सात महिन्यांत किती स्नायू गेला हे त्यामुळे कळायला मार्ग नाही. आणि चाचपणी एक वर्षाऐवजी नऊ महिन्यांची ठेवली असती तर, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. नऊ महिन्यांत कंबर आणि ताकद बहुतेक कळली असती, पण आमचे पहिले पाच-सहा महिने डोस शोधण्यातच गेले होते.

थोरल्याला दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती लागली आणि सुमनताई न बोलावता आल्या. पिशवीत टेप होती, आणि रविवारची मापं लिहिलेली शिलाईची वही. बंद केल्यापासूनचीही. "०.२ च ना?" त्यांनी विचारलं. घरी नवा फ्रिज आलाय, म्हणाल्या, पण पेन काकूंकडेच ठेवणार आहेत. भाचा हल्ली वरचेवर येतो.